व्रत सुटलं, पण परवानगी मागायची सवय सुटत नाही: संस्था सोडलेल्या धर्मभगिनीच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका कॅथलिक संस्थेत बावीस वर्षं धर्मभगिनी, अंतिम व्रतं, म्हणजे गरिबी, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन यांची आजन्म व्रतं, घेतलेली. हिशोबाच्या एका खोट्या वाटणाऱ्या नोंदीवर सही करायला सांगितलं तेव्हा त्यांनी नकार दिला. त्यावरून आज्ञाभंगाचा ठपका, मग बदली, मग अबोला. शेवटी त्यांनी व्रतांतून मुक्तता मागितली, रोमहून ती आली आणि आता बाहेर येऊन आठ महिने झालेत. त्या विचारतात: मी व्रत मोडलं का? दुकानात साधा साबण निवडतानाही हात का थांबतो? पैसे, कागद, नोकरी यांचं काय करू? आणि आत राहिलेल्या मैत्रिणीशी संपर्क ठेवू का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते मनात अडकून राहिलं तर बाकीचं काहीच मार्गी लागत नाही. तुम्ही व्रत मोडलेलं नाही.

आज्ञापालनाचं व्रत नेमकं कशाला बांधतं हे १९८३ च्या कॅनन लॉमध्ये, म्हणजे कॅथलिक चर्चच्या स्वतःच्या कायद्यात, कलम ६०१ मध्ये लिहिलेलं आहे. वरिष्ठ देवाच्या जागी आहेत, असं ते कलम म्हणतं, पण त्याच वाक्यात अटही आहे: त्या वैध वरिष्ठ असल्या पाहिजेत आणि त्यांची आज्ञा संस्थेच्या घटनेनुसार असली पाहिजे. नोव्हिशिएटमध्ये, म्हणजे व्रतांआधीच्या प्रशिक्षणाच्या काळात, पहिला भाग पाठ होतो, दुसरा राहून जातो. कलम ६१८ तर वरिष्ठांनाच बांधतं. त्यांनी अधिकार सेवाभावाने वापरावा, माणूस म्हणून प्रत्येकीचा मान राखावा आणि तिचं म्हणणं आनंदाने ऐकून घ्यावं. अंतिम निर्णय त्यांचा, हे खरं आहे, पण ऐकून घेणं ही त्यांची मेहेरबानी नाही, कर्तव्य आहे.

"आज्ञा देणारी चुकू शकते, पाळणारी कधीच चुकत नाही," हे वाक्य तुम्ही शंभरदा ऐकलं असेल. चांगल्या हेतूने सांगितलं जातं, पण सरसकट घेतलं तर ख्रिस्तसभेच्या शिकवणीतच ते बसत नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात स्पष्ट लिहिलं की हाताखालच्या माणसाने वरिष्ठांची प्रत्येक गोष्ट ऐकलीच पाहिजे असं नाही. देवाच्या आज्ञेविरुद्ध जाणारी आज्ञा बांधत नाही, आणि वरिष्ठांच्या अधिकाराबाहेरची आज्ञाही बांधत नाही. संत बेनेडिक्टने मठवासीयांसाठी लिहिलेल्या नियमाचा अडुसष्टावा अध्याय खास अशाच प्रसंगासाठी आहे: अशक्य काम सांगितलं गेलं तर योग्य वेळ पाहून, उद्धटपणा न करता, आपली अडचण वरिष्ठांपुढे मांडावी. व्हॅटिकनने २००८ साली अधिकार आणि आज्ञापालन या विषयावर जी सूचना काढली, तिच्यात सदसद्विवेकबुद्धीने घेतलेल्या हरकतीवर स्वतंत्र परिच्छेद आहे. खोट्या नोंदीवर सही करायची नाही, हा नकार या सगळ्याच्या आत बसतो. तुम्ही तो बंड म्हणून दिला नव्हता.

आता एक सावधगिरीची गोष्ट, कारण बाहेर आल्यावर लंबक दुसऱ्या टोकाला जातो. मागची सगळी बावीस वर्षं म्हणजे नुसता जाच होता, असं वाटायला लागतं. ते बहुधा खरं नसतं, आणि तसं मानल्याने स्वतःच्याच तारुण्यातली मोठी वर्षं पुसली जातात. म्हणून आठवणीत सलणाऱ्या तीन-चार आज्ञा कागदावर घ्या आणि प्रत्येकीपुढे चार प्रश्न लिहा. ही आज्ञा संस्थेच्या घटनेत बसत होती का? मला बोलायची संधी मिळाली का? यात मला चुकीचं कृत्य करायला सांगितलं होतं का? माझ्या मनाच्या आतलं उघड करायची सक्ती झाली का? मन लावून केलेल्या कामावरून झालेली बदली फार दुखते, पण ती वैध असू शकते. तक्रार केली म्हणून शिक्षा दिल्यासारखी झालेली बदली हा अधिकाराचा गैरवापर आहे. दोन्हींचं दुःख सारखं असलं तरी दोन्हींची नोंद वेगळी व्हायला हवी.

चौथा प्रश्न अनेकींना नवा वाटतो. कलम ६३० नुसार वरिष्ठांनी कोणाही भगिनीला स्वतःपुढे अंतःकरण उघडं करायला कोणत्याही प्रकारे प्रवृत्त करायला मनाई आहे. भगिनी आपखुशीने बोलू शकते, पण मासिक भेटीत "मनात काय आहे ते सगळं सांग" असा दबाव आणायचा आणि तेच पुढे बदलीच्या वेळी वापरायचं, हे कायद्याच्या विरुद्ध आहे. तुमच्या बाबतीत तसं झालं असेल तर "मी मनमोकळी नव्हते" हा दोष स्वतःकडे घेऊ नका.

आज्ञापालनाच्या नावाखाली कोणी शरीराला हात घातला असेल, तर त्याची मोजणी या यादीत करायचीच नाही. तो व्रताचा प्रश्नच नाही, गुन्हा आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये काढलेल्या आणि २०२३ मध्ये सुधारलेल्या नियमांनुसार अधिकाराचा गैरवापर करून लादलेलं लैंगिक कृत्य तक्रारीच्या कक्षेत येतं, त्याची माहिती मिळालेल्या धर्मगुरूंवर आणि व्रतस्थांवर ती कळवण्याचं बंधन आहे, आणि तक्रार करणाऱ्या व्यक्तीवर गप्प राहण्याची अट घालता येत नाही. संस्था सोडल्यावरही तक्रार करता येते. पोलिसांकडे जाण्याचा हक्क तर त्याहून वेगळा आणि स्वतंत्र आहेच.

आता साबणाच्या प्रश्नाकडे येतो. तो क्षुल्लक नाही.

बावीस वर्षं उठण्याची वेळ, कपडे, जेवण, काम, गाव, सोबत, सगळं दुसरीकडे ठरत होतं. निवड करणं हे सरावाचं काम आहे आणि तुमचा सराव तुटला आहे. गाठी मात्र दोन असतात आणि त्यांवरचे उपाय वेगळे, म्हणून आधी कुठली गाठ आहे ते ओळखा. साबण घेऊन घरी आल्यावर "दुसरा बरा होता" असं वाटलं, तर तो फक्त सराव नसल्याचा परिणाम. साबण घेऊन आल्यावर पापनिवेदन करावंसं वाटलं, स्वतःसाठी सुगंधी वस्तू घेतली म्हणून छातीत धडधडलं, तर ती अपराधी भावना आहे.

सरावाची गाठ सुटायला वेळेची मर्यादा लागते. परत फिरवता येणाऱ्या निवडी, म्हणजे साबण, भाजी, कुठली बस, कुठलं पुस्तक, यांना दोन मिनिटं द्यायची. दोन मिनिटांत जे हातात असेल ते घ्यायचं आणि तो साबण संपेपर्यंत त्या निर्णयावर विचार करायचा नाही. रोज अशा तीन निवडी फक्त स्वतःच्या आवडीवर करायच्या. स्वस्त काय, साधं काय, दुसऱ्याला काय आवडेल, हे त्या तीन निवडींपुरतं बाजूला ठेवायचं. एका वहीत संध्याकाळी एक ओळ लिहायची: काय निवडलं आणि आवडलं का. सहा ते आठ आठवड्यांनी वही चाळली की आपल्याला काय आवडतं याची पहिली यादी हाती येते. अनेकींना चाळिशीत स्वतःचा आवडता रंग तेव्हा कळतो.

मधल्या निवडी, म्हणजे फोन, अभ्यासक्रम, भाड्याची खोली, यांना एक आठवडा आणि जास्तीत जास्त दोन माणसांचा सल्ला. तिसऱ्या माणसाला विचारलं की सल्ला संपतो आणि परवानगी सुरू होते. मागे न फिरणाऱ्या निवडी, म्हणजे लग्न, मिळालेली जमीन विकणं, मोठं कर्ज, दुसऱ्या संस्थेत प्रवेश, शक्यतो पहिल्या वर्षात करू नका. संस्थेत परत जायचा विचार आला तरी घाई नको. कलम ६९० नुसार रीतसर बाहेर पडलेल्या व्यक्तीला सर्वोच्च वरिष्ठ आपल्या कौन्सिलच्या (सल्लागार मंडळाच्या) संमतीने पुन्हा घेऊ शकतात आणि नोव्हिशिएट पुन्हा करावं लागत नाही. दार कायद्याने बंद झालेलं नाही, म्हणून अपराधाच्या भरात ते ठोठावायची गरज नाही.

बोलण्यातही एक बदल करा, आणि तो लगेच करा. घरात भावाला किंवा वहिनीला "मी जरा बाहेर जाऊ का?" असं विचारत असाल, तर त्याऐवजी "मी बाहेर जातेय, सातपर्यंत येईन" म्हणा. सोबत राहणाऱ्यांना माहिती देणं हा शिष्टाचार आहे, तो ठेवा. "का" आणि "ना" गळू द्या. कोणी काही मागितलं, पैसे, वेळ, मुलांची शिकवणी, तर उत्तर एकच: "उद्या सांगते." तुमचा होकार अजून विचाराच्या आधी बाहेर पडतो. तो चोवीस तास थांबवला की नकार द्यायला जागा मिळते. संस्थेतून बाहेर आलेल्या स्त्रीला घरात बिनपगारी मोलकरीण करून टाकणं नातेवाइकांना फार सोपं जातं, आणि तिला ते कळतही नाही, कारण सेवा तिच्या अंगवळणी पडलेली असते.

अपराधाच्या गाठीवर वेळेची मर्यादा चालत नाही. तिथे प्रश्न विचारायचा: यात कोणाचं नुकसान झालं? कोणाचंही नाही, तर ते पापनिवेदनाला न्यायचं नाही. एकदा कबूल करून क्षमा मिळालेली गोष्ट पुन्हा कबूल करायची नाही. वेगवेगळ्या धर्मगुरूंकडे जात राहिलात तर प्रत्येक जण नवं उत्तर देईल आणि गाठ घट्ट होईल, म्हणून एकच ठेवा. मात्र तो धर्मगुरू किंवा आध्यात्मिक मार्गदर्शक नवी सुपिरियर होणार नाही याची काळजी घ्या. कसोटी सोपी आहे: त्यांच्या एखाद्या सूचनेशी असहमती दाखवा आणि पुढच्या भेटीत त्यांचा सूर पाहा. सूर बदलला, तर मार्गदर्शक बदला. हीच कसोटी नव्या साहेबाला, प्रार्थनागटाच्या प्रमुखाला आणि लग्नाच्या उमेदवारालाही लावा. बाहेर पडून दुसऱ्याच कोणाच्या तरी आज्ञेत जाणं हा या प्रवासातला मोठा धोका आहे, कारण तिथे सुरुवातीला फार हायसं वाटतं.

प्रार्थनेबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण सांगायला हवं. मुक्ततेबरोबर संस्थेच्या नियमातल्या प्रार्थनांचं बंधनही गेलं. कोणत्याही कॅथलिक व्यक्तीसारखं रविवारची मिस्सा आणि आज्ञेचे सण एवढंच उरलं. काही महिने तेवढंच करा. पहाटे साडेचारला जाग येत राहील, ती येऊ द्या, पण उठून प्रार्थनेची पुस्तकं उघडायची सक्ती नको. ओळखीच्या चर्चमध्ये लोक "सिस्टर" म्हणून हाक मारतात आणि जीव कासावीस होतो, असं असेल तर दुसऱ्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) जा. त्यात काही गैर नाही.

आता कागद. हा भाग कंटाळवाणा आहे आणि इथेच नुकसान होतं, म्हणून नीट पाहा.

मुक्ततेच्या आदेशाची प्रत तुमच्याकडे आहे का? नसेल तर लेखी मागा. पोपच्या मान्यतेच्या संस्थांसाठी अंतिम व्रतांतून मुक्तता रोम देतं, धर्मप्रांतीय संस्थांसाठी त्या प्रांताचे बिशप देतात. आदेश कळवला जातो त्या क्षणी भगिनीने तो नाकारला नाही, तर कलम ६९२ नुसार व्रतं आणि त्यातून आलेली सगळी बंधनं संपतात. अजून निर्णय न झालेल्या वाचकांसाठी: थेट मुक्तता मागण्याआधी दोन पायऱ्या आहेत. वरिष्ठ कौन्सिलच्या संमतीने एक वर्षापर्यंत घराबाहेर राहायची परवानगी देऊ शकतात (कलम ६६५), आणि गंभीर कारण असेल तर सर्वोच्च वरिष्ठ पाच वर्षांपर्यंत बाहेर राहू देऊ शकतात (कलम ६८६; २०२२ पर्यंत ही मर्यादा तीन वर्षांची होती). या काळात व्रतं टिकतात, मतदानाचा हक्क मात्र राहत नाही, असं दुसऱ्या पायरीबद्दल कायदा सांगतो. बंदिस्त मठातल्या भगिनींसाठी आणि पूर्वेकडच्या परंपरेतल्या (सिरो-मलबारसारख्या) कॅथलिक ख्रिस्तसभांसाठी नियम वेगळे आहेत.

तुमचा बाप्तिस्मा जिथे झाला त्या चर्चच्या नोंदवहीत अंतिम व्रतांची नोंद असते. मुक्ततेची नोंदही तिथे झाली आहे का, हे पत्र लिहून विचारा. आज लग्नाचा विचार नसला तरी करा. अंतिम व्रत हा कॅथलिक विवाहाला पूर्ण अडथळा आहे (कलम १०८८), आणि दहा वर्षांनी ऐन वेळी अर्धवट नोंद निघाली की महिने जातात.

मृत्युपत्र तपासा. अंतिम व्रतांआधी मुलकी कायद्यात टिकेल असं मृत्युपत्र करायला कलम ६६८ सांगतं. तुम्ही ते केलं असेल आणि त्यात संस्थेचं नाव असेल, तर व्रतं सुटली म्हणून ते आपोआप बदलत नाही. नवीन करावं लागतं. विमा आणि बँकेतल्या वारसनोंदीही तशाच पाहा. उलट बाजूही आहे: शाळेच्या, दवाखान्याच्या किंवा ट्रस्टच्या कागदांवर, बँकेच्या सह्यांमध्ये तुमचं नाव अजून असेल तर लेखी राजीनामा देऊन पोच घ्या. ज्या हिशोबावरून वाद झाला, तिथे तर हे आधी करा, आणि नकाराची लेखी प्रत, तारखा, कोण हजर होतं, हे सगळं एका ठिकाणी ठेवा. व्रताआधी ज्या मालमत्तेचा कारभार तुम्ही दुसऱ्याकडे सोपवला होता, ती पूर्णपणे सोडून दिली नसेल तर मालकी तुमचीच आहे. ती कुठे आहे, कोण पाहतं, विचारा.

पैशाबद्दल कायदा कठोर आहे. कलम ७०२ नुसार संस्थेत केलेल्या कामाचा मोबदला मागण्याचा हक्क नाही. पण त्याच कलमाचा दुसरा भाग संस्थेला न्याय आणि प्रेम यांनी वागायला बांधतो. "मदत करा" असं मोघम पत्र लिहिलं तर मोघम उत्तर येतं. नेमकं मागा: सहा ते बारा महिन्यांचं राहण्या-जेवणाचा खर्च, एका अभ्यासक्रमाची फी, डोळे-दात-रक्त यांची तपासणी, सुरू असलेली औषधं, तुमच्या नावाने भरलेलं निवृत्तिवेतन असेल तर त्याचा तपशील, मूळ प्रमाणपत्रं आणि कामाच्या वर्षांचं पत्र. "यापुढे कोणताही दावा करणार नाही" अशा कागदावर त्याच बैठकीत सही करू नका. घरी न्या, वकिलाला दाखवा. व्हॅटिकनला हा प्रश्न ठाऊक आहे. संस्था सोडलेल्या आणि निराधार झालेल्या भगिनींसाठी पोप फ्रान्सिस यांनी रोममध्ये एक घर उघडल्याचं व्रतस्थ संस्थांच्या व्हॅटिकनमधल्या विभागाचे तेव्हाचे प्रमुख कार्डिनल ब्राझ दे अविझ यांनी २०२० मध्ये जाहीरपणे सांगितलं होतं. मदत मागण्यात तुम्ही काही लाजिरवाणं करत नाही.

नोकरीच्या अर्जात "बावीस वर्षं धर्मभगिनी" एवढंच लिहिलं तर समोरच्याला काही कळत नाही. काम लिहा: वसतिगृह सांभाळलं असेल तर मुलींची संख्या, स्वयंपाकघराची महिन्याची खरेदी, किती कर्मचाऱ्यांची हजेरी, कोणता वर्ग, कोणता विषय, किती वर्षं. धर्मनाम आणि कायदेशीर नाव वेगळं असेल तर प्रमाणपत्रांवर कुठलं आहे ते आधी जुळवून घ्या. मुलाखतीत "का सोडलं?" हे येणारच. दोन वाक्यं तयार ठेवा: "मी एका धार्मिक संस्थेत शिक्षिका होते. आता स्वतंत्रपणे काम करायचं ठरवलं आहे." मग थांबायचं. शांतता भरून काढायला पुढे बोलत गेलात की सगळी कहाणी निघते आणि रात्री पश्चात्ताप होतो. हीच दोन वाक्यं शेजाऱ्यांना आणि दूरच्या नातेवाइकांनाही चालतात. चर्चच्याच संस्थेत राहायच्या जागेसह नोकरी मिळत असेल तर मोह होईल. पहिल्या वर्षी तरी घर आणि पगार एकाच हातात देऊ नका.

पहिला पगार आला की तो वाटून टाकावासा वाटेल. आधी तीन महिन्यांचा खर्च वेगळ्या खात्यात साठू द्या, दान त्यानंतर. एटीएमचा पिन आणि बँकेची सही फक्त तुमच्याकडे असावी, प्रेमळ भाच्याकडेही नको.

शरीराचं थोडं. वर्षानुवर्षं डोक्यावर पट्टी बांधल्याने कपाळाजवळचे केस विरळ होतात, ते काही अंशी परत येतात. हिमोग्लोबिन, थायरॉइड, रक्तदाब आणि स्तन व गर्भाशयमुखाची वयानुसार तपासणी एकदा करून घ्या, कारण आत या तपासण्या मागायचा संकोच असतो. झोप, भूक आणि रस दोन आठवडे सलग गेलेले असतील तर डॉक्टरांना दाखवा. जगू नये असा विचार आला तर त्याच दिवशी जवळच्या माणसाला सांगा आणि रुग्णालयात जा.

राहिली मैत्रीण. "खास मैत्री" नको, असं शिकवलं गेल्यामुळे तिला फोन करणं म्हणजे दुसऱ्यांदा आज्ञाभंग, असं तुम्हाला वाटत असावं. तसं नाही. तुमच्यावर आता ते बंधन नाही. तिच्यावर मात्र घराच्या रीती आहेत, आणि अवेळी आलेल्या फोनचा जाब तिला द्यावा लागेल. म्हणून आधी साधं पत्र लिहा, कोणीही वाचलं तरी चालेल असं: मी बरी आहे, अमुक काम करते, तुझी आठवण येते, हा माझा पत्ता. वादाबद्दल, हिशोबाबद्दल किंवा वरिष्ठांबद्दल एक अक्षरही नको, नाहीतर ते पत्र तिच्याविरुद्ध वापरलं जाईल. उत्तर आलं नाही तर तीन-चार महिन्यांनी सणाला एक कार्ड पाठवा. तिच्या गप्प राहण्याचा अर्थ लगेच नकार असा काढू नका. पत्र तिच्यापर्यंत उशिरा पोचलं असेल, किंवा उत्तराची परवानगी मागायचं धाडस अजून झालं नसेल. आणि ती स्वतःहून फोन करून "मलाही बाहेर यायचंय" म्हणाली, तर तिला या किंवा त्या बाजूला ढकलू नका. एक वर्षाच्या परवानगीचं ते कलम ६६५ तेवढं तिला वाचून दाखवा.